सात पोर्टांचे बालय्यामामा

आई-वडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बालय्यामामांचं नाव घेतो. ते माझे नात्यातले कुणी नाहीत. ते सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, तीस-पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यांतून वायरमनचं काम केलेले. मी सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा. आमची गाठ पडली ती एका यूएसबी हबमुळे. हब म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांनी काळजी करू नये. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

मामा कुठंही गेले की आधी तिथला अडॅप्टर शोधतात. मोबाइलचा चार्जर असो, टीव्हीच्या मागचा डबा असो, कॉम्प्युटरचा हब असो. लहान मुलाचा ताप बघावा तसा ते त्याला उलटा हात लावतात. हात लावल्यावर दोन क्षण डोळे मिटतात. मग निदान सांगतात. निदानं दोनच असतात, "बरं हाय" किंवा "लोड लई झालं".

एकदा मी त्यांच्याबरोबर एका घरी समाचाराला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. मामांनी घरच्या कर्त्या माणसाचा हात हातात घेतला, आणि मग त्यांचा दुसरा हात हळूच मागे सरकला. मागे भिंतीशी वायफायचा डबा होता. हे गरम हाय, जरा भिंतीपासून लांब ठेवा, असं मामांनी त्या माणसाच्या कानात सांगितलं. त्यानं डोळे पुसत पुसत तो लांब ठेवला. पुढे महिन्याभरानं तो रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, त्या दिवशी शंभर माणसं आली, पण काहीतरी करायला सांगणारा हा एकच होता.

एका बँकेत काउंटरवरून वाकून वायर कुठं जाते ते बघत होते म्हणून रखवालदारानं मामांना दोनदा बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा त्यानंच त्यांना हाताला धरून आत नेलं, कारण आत प्रिंटर बंद पडला होता.

मामांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न असतो: "लोड किती?" लग्नात बुफेचं भरलेलं ताट घेऊन चाललेल्या माणसालाही ते हाच प्रश्न विचारतात. जुळे सोलापूरला जाणाऱ्या शेअर रिक्षात सहावा माणूस बसायला आला की मामा स्वतः उतरतात. एका मोटरवर किती माग लावतो रे, असं रिक्षावाल्याला विचारतात आणि उरलेली वाट चालत जातात. उतरल्यावर लोड पाचच राहिला, हे समाधान त्यांना पुरतं.

त्यांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असते. त्यांच्या वयाचे लोक पिशवीत पानाचा डबा किंवा गोळ्यांची पाकिटं ठेवतात. मामांच्या पिशवीत टॉवेलाच्या तुकड्यात गुंडाळलेला सात पोर्टांचा हब असतो. सोबत त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणि वीतभर लांबीची एक वायर. लांब वायर त्यांना चालत नाही. लांब वायर म्हणजे लांबचा पाहुणा, येईपर्यंत दमतो, असं त्यांचं मत आहे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. सोलापुरात राहून बी.कॉम. केलं आणि पूर्व भागात एक गाळा भाड्यानं घेऊन सेवा केंद्र चालू केलं. दाखले, अर्ज, आणि वर्षातून एकदा पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. म्हणजे पेन्शन घेणाऱ्यानं मशीनवर बोट ठेवायचं आणि आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवायचं. वडिलांनी गावात सांगितलं होतं की आमचं पोरगं खुर्चीवर बसतंय. ते मेंढ्या घेऊन लांब गेले तरी जिथं मुक्काम पडेल तिथं हे सांगत. त्यामुळे ती खुर्ची माझ्या एकट्याची नव्हती.

खुर्चीसमोर जुना लॅपटॉप होता आणि त्याला यूएसबीचे दोनच पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या खाचा. जोडायच्या वस्तू सहा: बोटाच्या ठशाचं मशीन, कॅमेरा, स्कॅनर, प्रिंटर, माउस आणि पेनड्राइव्ह. मी चार पोर्टांचा, अंगठ्याएवढा एक स्वस्त हब आणला. तोही पुरेना, म्हणून तसाच दुसरा आणला आणि पहिल्या हबमध्ये दुसरा हब खुपसला. झालं, आता सगळं बसलं, असं वाटून मी फार खूश झालो. फोटो काढून मित्रांनाही पाठवला.

त्यानंतर बोटं उमटेनाशी झाली.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका आयुष्यभर विड्या वळलेल्या. तेंदूची पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून त्यांची बोटं गुळगुळीत होतात, ही गोष्ट सोलापुरात कुणालाही ठाऊक आहे. त्यामुळे ठसा आला नाही की मला कारण शोधावं लागत नसे. मी सांगायचो, आजी, तुमची बोटं झिजली. मी हे नम्रपणे सांगायचो. पण सांगायचो.

उपायही करत होतो. टेबलावर एका वाटीत लिंबाच्या फोडी, एका वाटीत खोबरेल आणि शेजारी ओलं फडकं. आधी लिंबानं बोट घासायचं, मग पुसायचं, मग केसांवरून फिरवायचं, मग मशीनवर ठेवायचं. बाहेर मी स्वच्छ अक्षरात सूचना लावली होती: "बोटे स्वच्छ धुऊन यावीत. झिजलेल्या बोटांना केंद्र जबाबदार नाही." दुसरं वाक्य मला त्या वेळी फार कायदेशीर वाटलं होतं.

प्रत्येक फसलेल्या ठशामागे कॉम्प्युटरवर एक कारण निवडावं लागतं. "बोट अस्पष्ट" किंवा "यंत्रदोष". यंत्रदोष निवडला की चौकशी केंद्राची. बोट अस्पष्ट निवडलं की प्रश्न त्या बाईचा. मी कायम दुसऱ्यांचीच बोटं अस्पष्ट ठरवत होतो. पण त्याचाही आकडा इतका वाढला की एक दिवस पर्यवेक्षक साहेबांचा फोन आला. शेजारच्या केंद्रात त्याच गल्लीतल्या बायकांची बोटं उमटतात, मग तुमच्याचकडे का उमटत नाहीत, असं त्यांनी विचारलं. पंधरा दिवसांत सुधारणा झाली नाही तर तुमचा ऑपरेटर आयडी बंद होईल. आयडी बंद म्हणजे केंद्र बंद.

त्या दिवशी मी घरी फोन केला नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी बालय्यामामा झेरॉक्स काढायला आले. शाळा त्यांची तेलुगू माध्यमाची, त्यामुळे मराठी ते एकेक अक्षर जोडत वाचतात. दारात उभं राहून त्यांनी माझी सूचना वरपासून खालपर्यंत वाचली. मग ती चारही कोपऱ्यांनी अलगद सोडवली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मी म्हणालो, मामा, ती सरकारी सूचना आहे. ते म्हणाले, अक्षर तर तुझं हाय.

आत आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. टेबलाखाली वाकले, वायरींचा गुंता बाजूला केला आणि हबला उलटा हात लावला. चटका बसावा तसा तो मागे घेतला.

"अय्यो. बाबू, ह्याला दवाखान्यात ने की."

मग हबच्या पाठीवर हब दिसला. मामा जमिनीवरच बसले. तिथूनच त्यांनी मला खाली बोलावलं आणि शिकवणी सुरू केली. लॅपटॉपचा एक पोर्ट म्हणजे एक लहान मोटर. त्यावर एक माग चालेल, फार तर दोन चालतील. तू लावलेस सहा. स्कॅनरचा दिवा सरकायला लागला की सगळा करंट तो ओढतो, आणि ठशाचं मशीन उपाशी. उपाशी माणसाला नीट दिसतं काय? तसंच त्याला बोट दिसत नाही.

मी म्हणालो, हब म्हणजे पोर्ट वाढतात ना? ते म्हणाले, नळाला तोट्या वाढवल्या म्हणून पाणी वाढतं काय? आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं, तिथं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण कॉम्प्युटरबाबत ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बी.कॉम.ला हा विषय नव्हता.

त्यांनी पिशवीतून टॉवेलाची गुंडाळी काढली. माझे दोन्ही हब काढून टाकले. लॅपटॉपचा एक पोर्ट आतून काळा होता आणि एक निळा. मी आजवर दोन्हींना सारखंच मानत होतो. मामांच्या लेखी काळा म्हणजे आमची अरुंद गल्ली आणि निळा म्हणजे रुंद पुणे रोड. त्यांनी आखूड वायर निळ्यात लावली, हबचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला. आता सगळ्यांना भिंतीतून जेवण, लॅपटॉपशी फक्त बोलणं, असं ते म्हणाले. सहाच्या सहा वस्तू बसल्या आणि एक पोर्ट रिकामा राहिला. ठशाच्या मशीनचा दिवा एरवी मिणमिणायचा. तो मी पहिल्यांदाच स्थिर जळताना बघितला.

पायरीवर नरसव्वा नावाच्या आजी बसून होत्या. सकाळपासून मी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. घर लांब म्हणून त्या तिथंच थांबल्या होत्या. मामांनी त्यांना तेलुगूत आत बोलावलं. त्या सवयीनं लिंबाच्या वाटीकडे गेल्या. मामांनी वाटी उचलून खिडकीत ठेवली.

आजींनी बोट ठेवलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. आजींना ते खरं वाटेना. ठसा पडद्यावर मोठा दिसत होता, रेघा बारीक होत्या पण होत्या. त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "माझाच हाय का?"

मी हो म्हणालो. त्यांनी आपलं बोट डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पडद्याकडे बघितलं. मला वर बघवेना.

पंधरा दिवसांच्या आत आकडा खाली आला. आयडी वाचला, केंद्र वाचलं. साहेबांनी फोन करून काय केलं ते विचारलं, तेव्हा मी अडॅप्टरचा हब लावला एवढंच सांगितलं. त्यांना उत्तर फार छोटं वाटलं असावं.

मामा आपला हब परत न्यायला आले नाहीत. मात्र रोज सकाळी दहाला तो बघायला यायला लागले. उलटा हात, मिटलेले डोळे, बरं हाय, आणि अर्धा कप चहा. एकदा रिकाम्या पोर्टाला मी माझा मोबाइल चार्जिंगला लावला होता. त्यावरून मला जे बोलणं बसलं ते मी इथं पूर्ण लिहीत नाही. ही धर्मशाळा हाय काय, इथून सुरुवात होती. रिकामा पोर्ट रिकामाच ठेवायचा. अडलेला माणूस येतो तेव्हा आधी पत्र टाकून येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास वडील केंद्र बघायला आले. खुर्ची बघितली, तिच्यावर हात फिरवला, पण बसले नाहीत. मग त्यांची नजर हबवर गेली. सगळ्या वायरी त्याला चिकटलेल्या. मी समजावायला तोंड उघडलं तोवर ते मामांना म्हणाले, "मेंढीला दोन कोकरं पेलत्यात. सहा लावली तर मेंढीबी जाती आन् कोकरंबी. म्हून तुमी ह्याला वरचं दूध लावलंय, व्हय?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बी.कॉम.ची फी परत मागावीशी वाटली. ते दोघे मग तासभर मेंढ्या आणि मोटरींवर बोलत बसले. एकाचं मराठी माणदेशी आणि दुसऱ्याचं तेलुगू वळणाचं, पण लोड हा शब्द दोघांना पुरत होता. जाताना वडील मला म्हणाले, ह्या माणसाला सोडू नको.

पुढे मी चार पैसे साठवून तसाच नवा हब घेतला आणि मामांचा त्यांना परत द्यायला काढला. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मामा वायर बोटांवर गुंडाळत होते. मी सहज विचारलं, मामा, तुम्ही हे सगळीकडे हात लावत का फिरता?

ते गुंडाळत राहिले. मग म्हणाले, माझी आई विड्या वळायची.

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. आईला ते हयातीच्या दाखल्यासाठी एका केंद्रात घेऊन गेले होते. रांग मोठी होती. ऑपरेटरनं दहाही बोटं लावून बघितली आणि रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, आजीची बोटं संपली. लोक हसले. वाईट हसले नाहीत, उगाच हसले. घरी आल्यावर आई हात पदराखाली घ्यायला लागली. जेवताना ताटावर पदर धरायची. नातवंडाला उचलायची ती मनगटांनी. वर्षभरानं गेली.

"मी वायरमन, बाबू. मी तिच्या शेजारी उभा होतो. आन् मी एकदाबी टेबलाखाली बघितलं नाही."

तिचं दिवसकार्य झाल्यावर ते त्या केंद्रात परत गेले. काही कारण सांगून आत शिरले आणि टेबलाखालच्या हबला हात लावला. तो तव्यासारखा तापला होता. त्या दिवशी बाजारातून त्यांनी सात पोर्टांचा हब घेतला. घरी त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. कधीच नव्हता.

हे ऐकल्यावर संध्याकाळी मी माझ्या कॉम्प्युटरवर मागच्या सगळ्या नोंदी उघडल्या. "बोट अस्पष्ट" किती वेळा लिहिलं होतं ते मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

गेल्या वर्षीपासून मामा भिवंडीला मुलीकडे असतात. जाताना बजावून गेले, फोन करू नको, पत्र लिही. फोन लगेच संपतो. पत्र दिवसभर पुरतं. म्हणून मी त्यांना मोठ्या अक्षरात, दोन शब्दांत जास्त जागा सोडून लिहितो. परवा पाठवलेलं पत्र असं होतं:

ती. बालय्यामामांस,

सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. रोज दहाला मी हबला हात लावतो. तुमच्यासारखे डोळे मिटत नाही, लोक हसतील. भिवंडीच्या घरी तुम्ही मुलीच्या फ्रिजमागे हात घालून तिला घाबरवलंत असं तिनं मला फोनवर सांगितलं. तुमच्यावर रागावली नाही. फ्रिज खरंच तापला होता म्हणाली.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. सोमवारी अक्कलकोटकडच्या एक बाई आल्या. इथं लेकीकडे आल्या होत्या. आयुष्यभर विड्याच वळल्या. हब गार होता, वायर आखूड, पोर्ट निळा. दहाही बोटं लावली. काहीच उमटलं नाही. मामा, या वेळी लोड नव्हता. बोटं खरोखर गुळगुळीत होती, काचेसारखी.

रिकाम्या पोर्टाला जास्त चांगला कॅमेरा लावला आणि हल्ली चेहऱ्यावरूनही निघतो तसा दाखला काढला. तो मिळाला. पण बोटाच्या नोंदीत कारण निवडायचं होतंच. मी यंत्रदोष निवडलं. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. काय दोष आहे, असं विचारलं. मी म्हणालो, बाईंचा हात वाचण्याइतकं मशीन चांगलं नाही. साहेब म्हणाले, असं आणखी दोनदा आलं तर तपासणी लावावी लागेल. मी म्हणालो, लावा. मशीन तपासून घ्यावं हे बरंच आहे.

तपासणी होईल तेव्हा होईल. केंद्राचं काही झालं तर वडिलांना मी समजावीन. ते समजतील असं वाटतं.

बाई बसल्या होत्या तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, माझ्या बोटात काय झालंय? मी सांगितलं, तुमच्या बोटात काही नाही, आमचं मशीन कमी पडतं. त्यांनी मशीनकडे बघितलं. मग पदराच्या टोकानं त्याची काच पुसली, उघड्या हातानं त्याच्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "असू दे लेकरा. लई लोकांची बोटं बघून दमलं असंल बिचारं."

आपला,
मायाप्पा